गोल बुडाची बादली

काल सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मी तांब्यानं ओतत होतो आणि द्वारका बादली धरून बसलेली. रोजचंच काम. आमच्या दाराशी एक तांबडी बादली टांगलेली असते. तिचं बूड गोल आहे, फरशीवर ठेवली की कलंडते. म्हणून ती भरायला दोन माणसं लागतात. एकानं धरायची, दुसऱ्यानं ओतायची. द्वारका पाटावर बसून ती गुडघ्यांत धरायची. गुडघे केव्हाच गेलेले, पण बादलीपुरते चालायचे.

"अहो, पायावर ओतताय," ती म्हणाली.

"मग पाय काढ."

"पाय काढला तर बादली कोण धरील? तुमचा बाप?"

माझा बाप जाऊन जन्म लोटला. मी हसलो नाही. रोज रोज कोण हसतं. भरली, दोघांनी मिळून कडीला टांगली, ती चहा ठेवायला आत गेली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. त्याच तांब्यानं मी तिच्या तोंडात पाणी घातलं. ते गालावरून उशीवर गेलं.

संध्याकाळी स्मशानातून आल्यावर खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ भेटायला वर आले. चांगला माणूस. जाताना दाराशी थांबले आणि म्हणाले, "काका, ही बादली आता काढून टाकणार असाल तर आमच्या पोराला सांगा, तो नेऊन टाकील." मी मान हलवली. त्यांना काय सांगणार? बादलीचं सांगायचं तर द्वारकाच सांगावी लागेल. म्हणून हे लिहायला घेतलंय. मी चौथीपर्यंत शिकलोय. चुकेल तिथं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमचं लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. डोंबिवली तेव्हा शहर नव्हतं. स्टेशन, चार रस्ते, कौलारू चाळी, विहिरी, आणि घरं संपली की भाताची खाचरं. स्टेशनजवळ माझं पत्र्याचं दुकान होतं. बादल्या, नरसाळी, कंदील, डबे. द्वारका राजापूरकडची. उंचीनं माझ्या खांद्याला, रंगानं काळी, आणि आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर दुकानात मी हातोडा खाली ठेवायचो. हिशोब बोटांच्या पेरांवर. वाचायला यायचं, पण एकेक अक्षर दाबून बघितल्यासारखं वाचायची.

आगीचा बंब तेव्हा लांबून यायचा, आणि मध्ये रेल्वेचं फाटक. फाटक उघडून बंब येईपर्यंत जळायचं ते जळून गेलेलं असायचं. एका उन्हाळ्यात गवताची एक वखार तशीच गेली. तेव्हा आळीतल्या माणसांनी आपलं आपण मंडळ काढलं. पगार कुणाला नाही. चिंचेला रुळाचा एक तुकडा टांगलेला, तो वाजला की हातातलं टाकून पळायचं. शाळेतले देवधर मास्तर अध्यक्ष. बादल्या मी करायच्या, नुसत्या पत्र्याच्या किमतीत.

माणसं होती, पैसा नव्हता. वर्गणीच्या डब्यात जो जमला तो पहिल्या खजिनदारानं मेहुण्याला हातउसना दिला. दुसऱ्यानं मंडळाच्या नावाचे कागद छापून घेतले आणि रबरी शिक्का केला. त्यावरून आमच्या चाळीच्या ओटीवर सभा भरली. बायका आत, दाराआड.

मास्तर समजुतीनं सांगत होते, "असं आहे, छापील कागद नसेल तर मोठ्या लोकांकडे देणगी मागायला जायचं कसं?"

आतून आवाज आला, "आग लागली की त्याच कागदांनी वारा घालणार काय?"

सगळे हसले. मी खाली बघितलं. आवाज कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरही हसले आणि म्हणाले, "कोण ते, पुढे येऊन बोला की."

ती पदर नीट करून चौकटीत आली. "बोलते. दोर किती आहे? शिडी कुणाकडे आहे? डब्यात काय आहे ते बोला."

डब्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः आमच्याकडे आले आणि डबा तिच्या पुढ्यात ठेवला. "द्वारकाबाई, आता तुम्हीच बोला," म्हणाले.

"डब्यात काय आहे ते बोला." हे तिचं आयुष्यभराचं बोलणं. कुणी मोठ्या गोष्टी करायला लागलं की हेच. एकदा मी लाडात येऊन म्हटलं, तुला नाशिकला नेतो. तर तेच.

तिनं मला आणखी डबे करायला लावले. "एकात सगळा पैसा टाकला की तो मिसळतो, मग कुठला कशाचा ते कळत नाही." म्हणून दोराचा डबा, शिडीचा डबा, बादल्यांचा डबा. मी खिळ्यानं ठोकून त्यावर चित्रं काढली. सगळ्यांत मोठा डबा पंपाचा. दोन माणसांनी दांडा हलवायचा, विहिरीत पाइप सोडायचा, असा जुना हातपंप कल्याणला एका व्यापाऱ्याकडे विकायला होता. टाकी-बिकी सोडून नुसता पंप घेतला तरच तो आमच्या आवाक्यात. तो पंप आणायचा, एवढं तिनं मनात धरलं.

मास्तरांना सभेत चहा लागायचा, तोही मंडळाच्या पैशातून. तिनं चहाचाही एक डबा करून घेतला आणि सभेच्या मधोमध ठेवला. ज्याला चहा हवा त्यानं आणा टाकावा. चहा बंद झाला. सभा पण लवकर संपायला लागल्या.

शनिवारी दुपारी ती वर्गणीला निघायची. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पदराचं टोक. मागायची तऱ्हा तिची वेगळी. गवताच्या दुसऱ्या वखारीचे दामूशेठ. शेजारची वखार डोळ्यांदेखत जळली तरी मंडळाला पैसा देईनात. मी बादल्यांचं माप घ्यायला बरोबर होतो म्हणून हे कानांनी ऐकलं.

"शेठ, पैसे मागायला नाही आले. विचारायला आले."

"काय?"

"तुमची वखार पेटली तर पुढून विझवायला घेऊ की मागून?"

शेठनी गादीवरून मान वर केली. "म्हणजे?"

"दोन्हीकडून घ्यायला बादल्या पुरत नाहीत. मागे तुमचं घर आहे, पुढे माल आहे. तुम्ही आत्ता सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी विचारत बसायला नको."

शेठनी गवताकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, तू भलतीच आहेस." आणि मुनीमाला हाक मारली. त्या दिवशी बादल्यांचा डबा भरला. परत येताना रस्त्यात ती पोट धरून हसली. तशी हसलेली ती नंतर मी फार थोड्या वेळा बघितली.

आळीच्या टोकाला, खाचरांच्या कडेला बायो म्हातारीची झोपडी होती. कुडाच्या भिंती, वर पेंढा. पाय सुजलेले, चालवायचं नाही. मुलगा मिठागरावर, आठवड्यानं यायचा. बायोकडे रोख पैसा कुठला. ती दर शनिवारी पानात बांधून मूठभर सुकट द्यायची. द्वारका ती घरी आणायची, रात्री कालवणात घालायची आणि आपल्या पैशातून आणा काढून डब्यात टाकायची. मी एकदा म्हटलं, म्हातारीला नको म्हण की. तर म्हणाली, "देणाऱ्याला नको म्हणू नये. तिला वाटेल, मग आपलं घर कोण विझवणार?"

बायो दर वेळी विचारायचीच, "आमचा पयला इजवशील नं गो बाय?"

"तुझंच आधी गो," द्वारका म्हणायची. "तुझं आधी, मग शेठचं."

मग दोघी हसायच्या.

वर्गणीनं पंपाचा डबा भरायला जन्म गेला असता. तेव्हा तिला एक युक्ती सुचली. आमच्या ओट्यावर तीन डझन बादल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या, वर्षातून एकदोनदा लागायच्या. आणि लग्नसराईत लोक वाढायला बादल्या शोधत गावभर फिरायचे. "नुसत्या बसून आहेत," ती म्हणाली. "भाड्यानं देऊ." मी आतून कल्हई केली. निम्म्या लग्नाला जायच्या, निम्म्या ओट्यावर राहायच्या. हा तिचाच नियम, आणि ती कुणालाही मोडू द्यायची नाही. एका मामलेदाराच्या माणसाला तिनं हात हलवत परत पाठवलेला. पंपाचा डबा वर वर यायला लागला. मास्तर म्हणायचे, "आमचं मंडळ जिलब्यांवर चाललंय."

वैशाखात नाक्यावरच्या किराणावाल्याच्या मुलीचं लग्न निघालं. आळीतलंच लग्न, सगळ्यांना बोलावणं. त्याला सगळ्या बादल्या हव्या होत्या. दुप्पट भाडं देतो म्हणाला. द्वारका पेरांवर मोजत राहिली. तेवढे आले की पंपाची किंमत पुरी होत होती. पुरी म्हणजे अगदी पुरी.

मास्तर म्हणाले, "दहा तरी ठेवा, बाई."

"मांडव इथून हाकेवर आहे," ती म्हणाली. "दुपारची पंगत. संध्याकाळी बादल्या घरी. परवा आपण कल्याणला. मग कुणाला कधी बादली द्यायचीच नाही."

सगळ्यांनाच पंप हवा होता.

भर दुपारी, पहिली पंगत बसलेली असताना, चिंचेचा रूळ वाजला. द्वारका लग्नाला गेलेली नव्हती, आमचा वसंता तान्हा होता. तिनंच तो वाजवला. बायोच्या चुलीतली ठिणगी वाऱ्यानं पेंढ्याला लागली होती. मी दुकानातून धावत आलो. मांडवातून, विहिरीवरून, जिथून तिथून माणसं धावत आली. आणि सवयीनं सगळी आमच्या ओट्यावर आली. हात पुढे करूनच आली.

ओटा रिकामा होता.

द्वारका पोराला कडेवर घेऊन तिथं उभी होती. मग मास्तर ओरडले, "मांडवात." सगळे उलटे धावले.

किराणावाल्यानं स्वतः आमटीच्या बादल्या अंगणात पालथ्या केल्या. बिचारा रडत होता. बायका कळश्या घेऊन पळाल्या, पण कळशीचं तोंड लहान. पाणी धारेनं पडतं, आगीवर फेकलं जात नाही. घाईत कुणी कुणी भरलेल्या बादल्या तशाच उचलून आणलेल्या. त्या आगीवर मठ्ठा पडला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. जळक्या पेंढ्याचा आणि मठ्ठ्यातल्या आल्या-कोथिंबिरीचा वास एकत्र आला. अजून येतो.

शेजारची घरं वाचली. झोपडी गेली. बायोही गेली, दारापर्यंत सरकत आलेली होती.

संध्याकाळी मिठागरावरून तिचा मुलगा आला. पांडू नाव. सगळं आटपल्यावर तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. पिंढऱ्यांना मीठ तसंच. मला वाटलं, आता शिव्या घालील, मारील. मी पुढे झालो. त्यानं माझ्याकडे बघितलं पण नाही.

"आय तुला दर शनवारी सुकट द्याची," तो द्वारकेला म्हणाला.

"हो रे," ती म्हणाली.

तो वळला आणि गेला.

किराणावाल्यानं दुसऱ्या दिवशी भाडं आणून दिलं, बोलल्याप्रमाणे दुप्पट. ती घेईना. तो ओट्यावर ठेवून गेला. मास्तरांनीच उचलून डब्यात टाकलं. डबा भरला.

तीन दिवस ती चुलीपुढून हलली नाही. चौथ्या दिवशी दुकानात आली. माझ्या दुकानात ती कधी यायची नाही.

"बादल्यांची बुडं गोल करा," म्हणाली.

"गोल? मग ठेवायच्या कशा?"

"ठेवायच्या नाहीत. टांगायच्या. स्टेशनात असतात तशा."

"अगं, मग त्या भाड्यानं कोण नेणार?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मला उत्तर कळलं. मी एकेक बूड कापलं आणि नवा पत्रा टोपीसारखा ठोकून बसवला. वरून तांबडा रंग दिला. पंगतीत नेऊन ठेवायला गेलं तर सगळं सांडेल अशा बादल्या.

पंप आला. नारळ फोडला, हार घातला, मास्तरांनी भाषण केलं. भाषणात तिचं नाव घेतलं. ती आलेली नव्हती. पंप चांगला निघाला. पुढे त्यानं घरं वाचवली, दामूशेठची वखारसुद्धा, पुढून आणि मागून.

पण पंप यायच्या आधीचा, आगीनंतरचा पहिला शनिवार मला जास्त आठवतो. मला वाटलं, ती आता वर्गणीला जाणार नाही. ती डबा घेऊन निघाली. एका घरानं तिला बघून दार लावलं. दुसऱ्या घरची बाई दारातूनच म्हणाली, "आता कुणाच्या लग्नाला देणार, द्वारकाबाई?"

"कुणाच्याच नाही," ती म्हणाली आणि डबा पुढे धरून तशीच उभी राहिली. बाईनं टाकला पैसा. लाजून टाकला की रागानं, ठाऊक नाही. डबा वाजला.

आळीच्या टोकाला, जिथं झोपडी होती, तिथं ती नेहमीसारखी थांबली. राख होती आणि काळा पडलेला पाटा. पदराची गाठ सोडून तिनं एक आणा काढला आणि डब्यात टाकला. दर शनिवारी. मंडळ होतं तोवर एक शनिवार चुकला नाही. त्यानंतर आमच्या घरात सुकट शिजली नाही. लग्नाकार्याला ती जायची, अक्षता टाकायची, वाढायला मदत करायची, पंगतीला बसायची नाही. वसंताच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, मठ्ठा करायचा ना? "आमच्यात करत नाहीत," म्हणाली. त्या बिचाऱ्यांना वाटलं, आमच्या कुळाचाराचं काही असेल.

मी तिला पुष्कळदा सांगितलं. आग तू लावली नाहीस. पैसे तू खाल्ले नाहीस. आम्ही सगळे होतो की तिथं, कुणी हात धरला तुझा? ती ऐकून घ्यायची. एकदाच बोलली. "ती आधी माझंच विझव म्हणायची, आणि मी हो म्हणायची. तुम्हाला कुणाला ती विचारत नव्हती."

काही वर्षांनी गावाला आपला बंब मिळाला. मंडळाची गरज सरली. शेवटच्या सभेला डब्यांत शिल्लक होती. मास्तर म्हणाले, वाचनालयाला देऊ. दुसरा कुणी म्हणाला, देवळाच्या पायऱ्यांना. द्वारका या वेळी दाराआड नव्हती, सतरंजीवर बसलेली.

"पांडूच्या घराला कौलं घालायची," ती म्हणाली.

"बाई, मंडळाचा पैसा एका माणसाच्या घराला कसा देता येईल?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"आग विझवायलाच जमवला ना? पेंढा काढून कौल घातलं की तिथं आग लागायची नाही. आपल्या मंडळानं विझवलेली ती एक धरा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आणि बादल्या?"

"मोडीत काढा. एक मला द्या."

पांडूनं कौलं घातली. घरभरणीला त्यानं आम्हाला बोलावलं. ती गेली, उंबऱ्याशी बसली. त्याच्या बायकोनं जेवायला वाढलं. पांडू म्हणाला, "जेव गो मावशे." त्या घरी ती जेवली. तेवढ्या एका घरी.

ती बादली तेव्हापासून आमच्या दाराशी. चाळ पडून बिल्डिंग झाली तरी तीच कडी नव्या भिंतीत ठोकून घेतली. तीनदा रंग दिला, दोनदा बूड बदललं. शिळं पाणी सकाळी झाडांना घालायचं, ताजं भरायचं. नातवंडं म्हणायची, "आजी, आता फोन केला की बंब येतो." ती म्हणायची, "येऊ दे की. तोवर?"

काल ती गेली. आज सकाळी नळाला पाणी आलं त्याच्या आवाजानं मला जाग आली. ठाण्याहून वसंता आलेला, बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपलेला. मी त्याला ओलांडून दाराशी गेलो आणि बादली काढली. कालचं पाणी होतं, तिनं धरून भरलेलं. कुंडीत घालायला नेलं आणि हात थांबला. पण शिळं पाणी ठेवलेलं तिला चालायचं नाही. घातलं.

मग नळाशी आलो आणि बादली ठेवायला वाकलो. ती कलंडली. उचलली, पुन्हा ठेवली. साठ वर्षं मी ओतणारा. धरायची कशी ते मला ठाऊक नाही.

वसंता उठून दारात आलेला. "बाबा, आजच्या दिवस राहू द्या."

"झोप तू," मी म्हटलं.

तिचा पाट घेतला. बसायला वेळ लागला. बादली गुडघ्यांत धरली, एका हातानं काठ धरला, दुसऱ्यानं तांब्या. पहिला तांब्या पायावर गेला. दुसरा थोडा आत, थोडा बाहेर. अर्धी झाली तेव्हा तांब्या खाली टेकवला. वसंता पुढे येऊन समोर बसला आणि त्यानं बादली धरायला हात केले.

मी त्याला धरू दिली नाही. त्याच्या हातात तांब्या दिला.